बांधीतली गोष्ट

लाखांदूरकडच्या एखाद्या धानाच्या बांधीत रोवणी आटोपली आहे. पाय चिखलात, हातात मोबाइल, आभाळ भरून आलेलं. 15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइल ॲपवर स्वतःच करायची असते. त्यासाठी शेतात उभं राहून धानाचा फोटोही काढायचा असतो.

असं ॲप बनवताना गरज कशी लिहावी? ‘फोटो अपलोड करण्याची सोय असावी’ या वाक्यात चूक काहीच नाही, पण त्यात माणूसही नाही. ‘यूझर स्टोरी’ माणसापासून सुरू होते: ‘धान उत्पादक म्हणून मला रेंज नसतानाही बांधीतच फोटो काढून ठेवता यावा, म्हणजे तो गावात आल्यावर पाठवता येईल आणि पुन्हा शेतात जावं लागणार नाही.’ कोण, काय, कशासाठी. हा साचा 2001च्या सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीत घडला. स्टोरीची मूळ कल्पना प्रोग्रामर केंट बेक यांची.

मला यातलं ‘कशासाठी’ सर्वांत मोलाचं वाटतं, आणि घाईत नेमकं तेच गळतं. कारण कळलं, तर प्रोग्रामर आपल्याला न सुचलेला सोपा मार्गही काढतो.

स्टोरी ज्यावर लिहितात ते कार्ड म्हणजे करारनामा नव्हे, बोलायचं राहिलंय याची ती खूण. बेक यांचे सहकारी रॉन जेफ्रीज यांनी कार्डापाठोपाठ संवाद आणि खातरजमा सांगितली. इथली खातरजमा अशी: फोन फ्लाइट मोडवर टाका, फोटो काढा, ॲप बंद करा, दोन तासांनी रेंजमध्ये उघडा. फोटो जागच्या जागी हवा, बांधीच्या ठिकाणाच्या नोंदीसह.