नाकावर पान मिरवणारा साप

मादागास्करच्या जंगलात फांदीवरून एखादी सुकलेली शेंग लोंबकळताना दिसली, तर ती शेंगच असेल याची खात्री नाही. तो लांगाहा असू शकतो. लांगाहा मादागास्कारिएन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव. जगात इतर कुठेही तो नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

लांबी साधारण एक मीटर, अंग काठीसारखं बारीक. खरी गंमत नाकाशी आहे. नराच्या नाकापुढे भाल्याच्या टोकासारखा निमुळता, लांब शेंडा असतो. मादीचा शेंडा चपटा आणि कातरलेल्या कडांचा, थेट पानासारखा! रंगही वेगळे: नर पाठीवर तपकिरी व पोटाकडे पिवळा, तर मादी करड्या-तपकिरी छटांची. एकाच जातीचे नर-मादी इतके निराळे दिसणं सापांमध्ये फार दुर्मीळ. या नाकाचा उपयोग फांद्यांच्या गर्दीत लपण्यासाठी होत असावा, असा तर्क आहे. पण मग दोघांची नाकं वेगळी का, हा प्रश्न उरतोच.

शिकारीची पद्धत सबुरीची. हा साप बराच वेळ निश्चल राहतो, कधी डोकं खाली सोडून लटकतो आणि टप्प्यात आलेला सरडा पकडतो. त्याचं विष सौम्य आहे. चावा दुखतो, मात्र माणसाच्या जिवाला धोका नसतो. नाग, मण्यार, घोणस यांच्या धास्तीत वाढलेल्या आपल्याला नवल वाटेल, पण मादागास्करच्या जमिनीवर नागाच्या किंवा घोणसाच्या कुळातला एकही साप नाही.