पेट्रोलाधिक्य, मोटारगाडीतील
पेट्रोलाधिक्य, मोटारगाडीतील : कार्ब्युरेटर असलेल्या एंजिनाच्या सिलिंडरांत हवेच्या मानाने प्रमाणाबाहेर पेट्रोल जाऊन ठिणगी गुडद्या (स्पार्क प्लग) ओल्या होणे व त्यामुळे एंजिन सुरू न होणे, या दोषास ही संज्ञा लावतात. कारागिरांच्या बोलीत ‘गाडी ओव्हरफ्लो झाली’ असे म्हणतात. प्रीमियर पद्मिनी व हिंदुस्थान अँबॅसडर या गाड्यांच्या मालकांना तो चांगला परिचित आहे. मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होणाऱ्या पद्मिनीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. हौसेने जपलेल्या खाजगी गाड्या मात्र अद्याप चालतात.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. थंड एंजिनात पेट्रोलचे बाष्पीभवन नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा रोखतात व मिश्रण समृद्ध करतात. चोक वाजवीपेक्षा जास्त वेळ ओढलेला राहिला किंवा प्रवेगक वारंवार दाबला (प्रत्येक दाबेसरशी कार्ब्युरेटरातील लहान पंप पेट्रोलची चिळकांडी सोडतो), तर द्रव पेट्रोल गुडदीच्या निरोधकावर साचते. विद्युत् दाब त्या थरातून व काजळीतून झिरपून जातो आणि ठिणगी पडत नाही.

निदानात सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. ओली गुडदी दिसताच कार्ब्युरेटर उघडण्याची घाई केली जाते. वास्तविक ठिणगीच पडत नसेल, तर न जळलेले पेट्रोल साचून गुडदी ओली होणारच; म्हणजे पेट्रोलाधिक्य हे कारण नसून परिणाम असते. म्हणून आधी ठिणगी तपासावी. त्यासाठी काढलेल्या गुडद्या परत बसवून, वेगळी कोरडी गुडदी एका तारेस जोडावी व तिचे धातूचे अंग एंजिनास टेकवावे. गुडदीची छिद्रे उघडी ठेवून एंजिन फिरविल्यास पेट्रोलचा फवारा बाहेर येऊन ठिणगीने पेट घेऊ शकतो. निळसर, जोमदार ठिणगी समाधानकारक होय. पिवळट व दुबळी असल्यास वितरकातील संपर्कबिंदू, धारित्र आणि विद्युत् घटमाला तपासावी. थकलेली घटमाला आरंभक चालविता चालविताच इतकी खचते, की वेटोळ्यास पुरेसा दाब उरत नाही.

ठिणगी चांगली असेल, तरच संशय कार्ब्युरेटरकडे वळवावा. हवागाळणी काढून पाहिले असता एंजिन स्थिर असतानाही जेटमधून पेट्रोल पाझरत असेल, तर सुईझडपेत कचरा अडकला आहे, ती झिजली आहे किंवा तरंगीला छिद्र पडून ती बुडाली आहे. तरंगी कानाजवळ हलविल्यास आत शिरलेले पेट्रोल खळखळते.

तापलेली गाडी थांबवून थोड्या वेळाने ती सुरू होत नसल्यास दोन विरुद्ध शक्यता असतात. एंजिनाच्या उष्णतेने तरंगीकोष्ठातील पेट्रोल उकळून मार्गात सांडते, किंवा पंपात व नळीत वाफ कोंडून पेट्रोल पोहोचतच नाही. पहिल्या प्रकारात वास तीव्र व गुडदी ओली, तर दुसऱ्यात गुडदी कोरडी असते. पंपावर ओले फडके टाकण्याचा चालकांचा जुना उपाय दुसऱ्या प्रकारातच लागू पडतो.

नुसत्या पेट्रोलाधिक्यावर उपाय सोपा आहे. चोक आत ढकलावा, प्रवेगक सावकाश शेवटपर्यंत दाबून तसाच धरावा व आरंभक एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चालवू नये. झडप पूर्ण उघडल्याने नलिकेतील निर्वात घटते, पेट्रोल कमी ओढले जाते आणि हवा भरपूर जाते. हा प्रयत्न दोनतीनदा फसल्यास थांबावे. पुढे जाऊ दिलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतींवरील वंगण धुऊन काढते व खाली तेलात मिसळून ते पातळ करते. तेलाच्या मापकांडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. जुन्या गाड्यांतील रबरी पडदे व नळ्या त्याने फुगतात व ठिसूळ होतात. त्यामुळे पंपाचा पडदा व नळ्या एथेनॉल सहन करणाऱ्या आहेत की नाहीत, हे तरंगीच्या दुरुस्तीबरोबरच पाहावे.