साडेतीन किलोचा हिशेब

आमची पॉमेरियन पिंजलेल्या कापसासारखी दिसते. येणारा प्रत्येक पाहुणा तिचं वजन पाच-सहा किलो सांगतो. मी तिला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो आणि वजाबाकी करतो. साडेतीन. गोचिडीचं औषध आणायला निघण्याआधी ही वजाबाकी करावीच लागते, कारण पाकिटं वजनाच्या टप्प्यांनुसार येतात. नेक्सगार्डचंच बघा: २ ते ४ किलोला ११.३ मिलिग्रॅमची गोळी आणि ४ ते १० किलोला २८.३ मिलिग्रॅमची. मोठी गोळी स्वस्त पडते म्हणून कापून दोघा कुत्र्यांना वाटणारे बरेच आहेत. पण चघळायच्या गोळीत औषध सगळीकडे सारखं पसरलेलं असेल, याची खात्री कोणी देत नाही. आणि लहान कुत्र्याच्या बाबतीत चुकीला जागाच कमी असते.

दुकानात ‘महिन्याची गोळी’ म्हणून मिळतं, त्यात मुळात दोन वेगळी कामं असतात. गोचिडीची गोळी पुढचा महिना राखते. ॲफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सॅरोलानर ही औषधं कुत्र्याच्या रक्तात टिकून राहतात. गोचीड चावते, रक्त ओढते आणि त्यातून औषध तिच्या अंगात जाऊन ती मरते. हृदयातल्या जंताची, म्हणजे हार्टवर्मची गोळी मागचा महिना साफ करते. डास चावताना कातडीतून शिरलेल्या अळ्या अजून कोवळ्या असतात, तेवढ्यात त्यांना मारायचं आणि औषधाने अंगातून निघून जायचं, इतकंच तिचं काम. त्यामुळे तारीख चुकल्याचे परिणामही निराळे. गोचिडीची गोळी आठवडाभर लांबली, तर तो आठवडा दार उघडं राहिलं. हार्टवर्मची गोळी महिनोन्‌महिने राहिली, तर अळ्या तिच्या आटोक्याबाहेर वाढतात आणि साधारण सहा महिन्यांत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत पूर्ण वाढलेले जंत बसतात. मादी फूटभर लांब होऊ शकते आणि पाच-सात वर्षं जगते. साडेतीन किलोच्या कुत्रीचं हृदय जेमतेम लिंबाएवढं. लॅब्रेडॉरला जेवढे जंत सोसतात तेवढे हिला कुठून सोसणार?

एकाची गोळी दिली म्हणून दुसरा आजार टळत नाही. दोन्ही कामं एकत्र करणाऱ्या गोळ्याही असतात, पण पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत का ते वाचावं लागतं.

आता गोचिडीकडे वळू, कारण पुण्या-मुंबईत रोजचा त्रास तिचाच. आपल्याकडे कुत्र्यावर दिसते ती तपकिरी गोचीड अंड्यातून बाहेर पडल्यापासून तीनदा रक्त पिते, आणि दर वेळी पिऊन झालं की कुत्र्यावरून खाली पडते. मग भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, पलंगाचा सांधा, जमलं तर पडद्याची शिवण. तिथेच कात टाकते, तिथेच मादी हजारांनी अंडी घालते आणि मरते. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, घरात असतात त्या पुष्कळ. कोपऱ्यातून भिंतीवर चढणारे बारीक तपकिरी ठिपके दिसले, तर कुत्र्याला औषध देऊन भागणार नाही. भेगा भरणं, अंथरूण गरम पाण्यात धुणं, व्हॅक्यूम फिरवणं आणि गरज पडल्यास कीटकनाशकाची फवारणी, ती वाळेपर्यंत कुत्रा घराबाहेर, हे सगळं आलं. उष्ण हवेत हे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं, म्हणून एका महिन्यात हताश होऊ नये.

गोचिडीतून येणाऱ्या दोन तापांची चाल वेगळी आहे. एर्लिकिया हा जंतू चावल्यापासून काही तासांतच अंगात जाऊ शकतो. प्लेटलेट उतरतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेसियाला गोचीड चिकटून दिवस-दोन दिवस लागतात. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी काळसर चहासारखी होते. गोळी गोचिडीला चावू देते आणि मग मारते. त्यामुळे बबेसियाची वाट ती बरीचशी अडवते, एर्लिकियाची तितकी नाही. चावण्याआधीच हटवायचं असेल तर पर्मेथ्रिनचे मानेवरचे थेंब किंवा डेल्टामेथ्रिन, फ्लुमेथ्रिनचा पट्टा. पण घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन आणू नये. ते मांजराला विषारी आहे, आणि मांजर कुत्र्याला चाटणार नाही याचा भरवसा मांजरही देत नाही. फिप्रोनिलचे थेंब जुने आणि स्वस्त. मात्र टाकण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. दाट केसांच्या कुत्र्याला केस बाजूला सारून ते कातडीवरच टाकावे लागतात. आमच्याकडे पहिले दोन महिने सगळं औषध कापसाने प्यायलं.

मी गोळीकडे वळलो. एक गोष्ट मात्र व्हेटना आधीच सांगावी: कुत्र्याला कधी फिट आली होती का. ॲफॉक्सोलानरच्या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये झटके आणि तोल जाण्याविषयी सावध केलं होतं. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही.

गुराढोरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन कुत्र्याला स्वस्तात टोचून घेण्याची सवय खेड्यात आहे तशी शहरातही आहे. त्याचं गणित एकदा कागदावर मांडा. हार्टवर्म रोखायला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे साडेतीन किलोला २१. एक टक्क्याच्या बाटलीत एका मिलीलिटरमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम. लागणार ०.००२१ मिली, जे कुठल्याही सिरिंजने मोजता येत नाही. हातून ०.१ मिली गेलं, तर ३५ किलोच्या अल्सेशियनला ते किलोमागे तीसेक पडतं, आमच्या पॉमेरियनला २८५. कोली किंवा शेल्टी रक्ताच्या काही कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. त्यांना शंभरातच लक्षणं दिसू लागतात.

हार्टवर्मची गोळी सगळ्यांनाच लागते का? भारतात हा जंत मुख्यतः ईशान्येत, आसाम-मिझोराममध्ये आढळतो; मुंबईत सापडतो तो बहुधा त्याचा चुलतभाऊ, कातडीखाली राहणारा. कुत्रा पुण्याबाहेर जात नसेल तर मी आधी गोचिडीवर खर्च करीन आणि हार्टवर्मचं व्हेटवर सोडीन. गुवाहाटीला बदली झाली, किंवा कुत्र्यासह ह्यूस्टनला जायचं असेल, तर बाराही महिने ती गोळी. सात महिन्यांपुढच्या कुत्र्याची आधी रक्ततपासणी हवी, कारण रक्तात आधीच जंतांची पिल्लं भरपूर असतील तर ती एकदम मरून कुत्रा कोसळू शकतो.

गोळी दिल्यावर दुसऱ्या दिवशी केसांत आदल्यापेक्षा जास्त गोचिडी दिसल्या, तर औषध फसलं असं समजू नका. मरणारी गोचीड सैरभैर होऊन केसांच्या टोकाशी येते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. आमच्याकडे त्या बाटलीवर तारीख लिहिलेली असते.