पाला चघळणे म्हणजे औषध घेणे नव्हे

नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे, तर त्याचा हिंगोली जिल्हा बाजारात हळदीसाठी ओळखला जातो. अशा मुलखात ‘औषध आपल्या शेतातच आहे’ हे सहज पटते. ते खरे आहे, पण अर्धेच. वनस्पतीत औषध असते. मात्र त्यातला नेमका घटक, त्याची मात्रा आणि परिणाम तपासल्याशिवाय वनस्पती औषध ठरत नाही.

दारातली सदाफुली पाहा. मधुमेहावर तिची पाने चघळणारे आपल्याकडे कमी नाहीत. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी हीच समजूत पारखली. अर्क पाजून उंदरांची साखर उतरली नाही. टोचल्यावर मात्र त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टीन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले. सदाफुलीतलेच व्हिनक्रिस्टीन आज रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देतात. एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळला पाला लागतो आणि रुग्णाला एका वेळी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, तेही फक्त शिरेतून मिळते. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचेच द्रव्य वेगळे केले. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, औषध म्हणून मान्यता मिळायला १९९२ उजाडले. मधली वर्षे मात्रा, दुष्परिणाम आणि उपयोग तपासण्यात गेली.

मग पिढ्यांचा अनुभव खोटा का? मुळीच नाही. सदाफुलीकडे संशोधकांचे लक्ष त्यानेच वेधले. फक्त गुण निघाला तो वेगळ्याच रोगावर. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण ते ज्ञान आपल्याकडे जुनेच होते. पण ज्ञान जुने आहे एवढ्याने हळद कर्करोग बरा करते असे सिद्ध होत नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीनच टक्के असते आणि पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हाही भ्रम आहे: व्हिनक्रिस्टीन झाडातलेच, तरी मात्रा चुकली तर जिवावर बेतते.

म्हणून हळद भाजीत जरूर घाला, पण तिच्या भरवशावर चालू गोळ्या सोडू नका. काढा किंवा पाला घेत असाल, तर डॉक्टरांना न लाजता सांगा.