फटफटीचा दिवा का मंदावतो?

सभासद बंधूंनो, गाळप हंगाम सुरू झाला की आपली फटफटी दिवसापेक्षा रात्रीच जास्त फिरते. लाईट रात्रीची, म्हणून मोटर चालू करायला रात्री जायचे. टोळी पहाटे येणार, म्हणून पहाटे फडावर. अशा वेळी ओढ्याच्या उतारावर हेडलाईट पिवळा पडला आणि पुढे बिनदिव्याची उसाची गाडी उभी असली, तर काय होते ते आम्ही वेगळे सांगायला नको.

म्हैसूरच्या कारखान्यातून येझदी निघणे १९९६ साली बंद झाले, पण वाड्यावस्त्यांवर जुन्या सहा व्होल्टच्या गाड्या अजून जपलेल्या दिसतात. २०२२ साली त्याच नावाच्या नव्या गाड्या आल्या. त्यांची रचना निराळी. हे चार शब्द जुन्या डायनामोवाल्यांसाठी.

आमच्या गावातल्या एका सभासदाने गेल्या हंगामात दोन बॅटऱ्या घेतल्या. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, बॅटरी मेली." नवी घातली, आठवडाभर चालली, पुन्हा दिवा काजव्यासारखा. महिनाभराने दुसरी घातली, तिचीही तीच गत. शेवटी आम्ही दोघांनी इंजिनाचे उजवीकडचे झाकण काढले. आत डायनामोचा एक कार्बन पार झिजलेला, स्प्रिंग त्याला दाबतच नव्हती, आणि वर तेलाचा चिखल. चार्जिंग होतच नव्हते. नवी बॅटरी पोटातले संपेपर्यंत चालली, इतकेच. विहिरीवरची मोटर बंद आणि आपण टाकी नवी बांधली, तसला प्रकार!

हिशेब साधा आहे. ३५ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर खेचतो. बॅटरी १२ अँपिअर-तासाची धरली, तर डायनामोच्या आधाराशिवाय ती दोन तासही धड पुरत नाही. कॉइलचा खर्च आणखी वेगळा.

म्हणून पहिल्यांदा हेडलाईटवरचा तांबडा दिवा पाहावा. चावी लावली, इंजिन बंद, तर तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर त्याचा बल्बच उडालेला असेल, आणि आपण मात्र 'दिवा विझला, म्हणजे चार्जिंग ठीक' असे समजून फिरत असतो. इंजिन चालू करून रेस वाढवली की तो विझायला हवा. विझला नाही तर चार्जिंग नाही. मीटर तर आता मोटरीच्या वायरमनकडेही असतो. चांगली चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सव्वासहाच्या वर दाखवते. रेस दिल्यावर आकडा सातच्या आसपास चढावा. हललाच नाही तर डायनामो किंवा कटआऊट पाहा. साडेसातच्याही वर जात राहिला तर कटआऊट बिघडला आहे, बॅटरीचे पाणी उकळून जाईल आणि बल्ब उडतील.

झाकण काढण्याआधी बॅटरीची टोके आणि अर्थिंगची वायर खरवडून घट्ट करावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा आमचा अनुभव. मग कार्बन. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत भुकटी बसते. इंजिन गार असताना पेट्रोलच्या फडक्याने पुसावी, आणि तेवढा वेळ विडी खिशातच ठेवावी. कार्बनवर वारंवार तेल येत असेल तर क्रँकचे उजवे ऑइल सील गेले म्हणून समजा. ते न बदलता नुसता कार्बन घालणे फुकट.

कटआऊटचे स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नयेत. गाडी बंद करूनही डायनामोची वायर गरम लागली, तर कटआऊटचे पॉइंट चिकटलेले असतात. ताबडतोब बॅटरीची वायर सोडा, नाहीतर आर्मेचर जळेल.

आमच्या सभासदाने कार्बनची जोडी आणि सील बदलले. दुसरी बॅटरी चार्ज करून घातली, ती याही हंगामात चालू आहे. पहिली उतरलेल्या अवस्थेत गोठ्याच्या फळीवर पडून राहिली. ती आता चार्ज घेत नाही.