एका वर्गात एकच मुलगी

१४ नोव्हेंबर १९६०. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर. सहा वर्षांची रूबी ब्रिजेस आईचा हात धरून नव्या शाळेत निघाली होती. सोबत केंद्र सरकारचे चार सशस्त्र मार्शल. रस्त्यावर लोक ओरडत होते. छोट्या रूबीला वाटले, मार्डी ग्राचा उत्सवच चालला आहे!

तो उत्सव नव्हता, संताप होता. गोऱ्या मुलांच्या विल्यम फ्रान्ट्झ शाळेत ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होती. पालकांनी भराभर आपली मुले घरी नेली. रूबीचा पहिला दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत बसण्यातच गेला. तिच्या वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी सुटली, वाण्याने सामान देणे बंद केले.

बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या शिक्षिका मात्र तिला शिकवायला तयार झाल्या. वर्षभर त्या वर्गात दोघीच होत्या, एक बाई आणि एक विद्यार्थिनी. बाई शेजारी बसून वाचायला शिकवत, गाणी म्हणत, खेळतही. पुढच्या वर्षी शाळेने बाईंना परत बोलावले नाही, पण रूबी टिकली.

कायद्याने दार उघडले, पुढे काय?

वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. त्यात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याच्या प्रयोगांचाही आधार होता. त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. 'तुझ्यासारखी कोणती?' असे विचारताच काही मुले रडू लागली.

वेगळ्या शाळा गेल्या, तरी वेगळी वागणूक लगेच गेली नाही. २०११-१२ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेच्या बालवर्गांत कृष्णवर्णीय मुले १८ टक्के होती. पण एकाहून अधिक वेळा शाळेतून तात्पुरते काढून टाकलेल्या बालकांत त्यांचे प्रमाण ४८ टक्के होते. केसांच्या वेण्यांवरूनही मुलांना शिक्षा होत असे. त्याविरुद्ध कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पहिला कायदा केला.

उपाय अवघड नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर अतिगरीब कृष्णवर्णीय मुलग्यांचे शाळा सोडण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते. आपल्यासारखे कोणी फळ्यासमोर उभे दिसले, की मुलाला उमेद येते. शिक्षा करण्याआधी 'हीच चूक दुसऱ्याने केली असती तर?' असे शिक्षकाने स्वतःला विचारावे. इतिहास शिकवताना गुलामगिरीबरोबरच त्या समाजातील शास्त्रज्ञ, लेखक आणि लढवय्ये यांचीही ओळख करून द्यावी.

आपल्या घरात

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही. आज अनेक मराठी मुले अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांशेजारी बसून शिकतात. त्यांच्याशी कसे वागायचे, हे ती घरातूनच शिकून जातात. 'उन्हात खेळू नकोस, काळी होशील' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! ऐकणारी मुलगी मात्र तेव्हाच ठरवून टाकते, की कोणती बाहुली चांगली.

रूबीला शाळेच्या दारापर्यंत मार्शलांनी पोहोचवले. पण रोज शाळेत यावेसे वाटले ते आत वाट पाहणाऱ्या बाईंमुळे.