फवारणीची विषबाधा: इंजेक्शननंतर माणूस बडबडायला लागतो, ते का?

आजच्या भागाचं लिखित रूप, बोललोय तसंच, थोडं आवरून.

जळगाव-धुळ्यात कापूस म्हटलं की पाठीवर पंप आलाच. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस... ही विषं, पण आपण म्हणतो ‘औषध मारायला गेलाय’. ती अंगात गेली की नसांचा संदेश बंद करणारं एन्झाइमच अडकतं. माझ्या धंद्याच्या भाषेत, लूप सुरू होतो आणि थांबतच नाही. लाळ, घाम, जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, छातीत घरघर. जीव जातो तो बहुतेकदा श्वास अडकून.

108 च्या गाडीत डॉक्टर असतो. अशा पेशंटला अ‍ॅट्रोपिन देतात: एक डोस, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती मोकळी होईपर्यंत. आणि इथेच घरचे घाबरतात. तोंड कोरडं, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, नाडी पळतेय. "डॉक्टरसाहेब, काय दिलं तुम्ही?" अहो, जे औषध फुप्फुसातलं पाणी आटवतं तेच तोंडही कोरडं करतं. त्याला निवड करता येत नाही. म्हणून डॉक्टर बाहुलीकडे बघून नाही, छातीला स्टेथोस्कोप लावून डोस ठरवतात.

पण जास्तही होऊ शकतं. पेशंट हवेत काहीतरी पकडतो, असंबद्ध बोलतो, ताप चढतो, लघवी अडते. मग डॉक्टर औषध थांबवतात आणि थोड्या वेळाने कमी करून पुन्हा सुरू करतात. तापाचं कारण साधं आहे, घामच बंद झालेला असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात अशा माणसाला चादरीत गुंडाळू नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधीच सांगा. फवारणीची बाटलीही सोबत द्या, कारण प्रत्येक कीटकनाशकाला अ‍ॅट्रोपिन चालत नाही.

उलटंही घडतं. कोरडा झालेला पेशंट परत घामाघूम झाला, घरघर आली, तर औषधाचा जोर ओसरलाय. लगेच सांगा.

आणि एक गोष्ट अ‍ॅट्रोपिनच्या हातात मुळीच नाही, ती म्हणजे स्नायूंची कमजोरी. माणूस शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरचे म्हणतात चला आता घरी. पण एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. त्याला उशीवरून मान उचलायला सांगून बघा. उचलत नसेल तर तेव्हाच नर्सला हाक मारा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.